पॉलिमर क्लिपवर रिकॉल आहे, पण माल परत जात नाही: डोनर नेफ्रेक्टॉमीसाठी स्टोअरने काय करायचे?

ओटी_भांडार

नमस्कार. प्रश्न लॅप डोनर नेफ्रेक्टॉमीचा आहे, म्हणजे जिवंत दात्याची किडनी दुर्बिणीतून काढण्याचा. प्रत्यारोपणाचे काम नव्याने सुरू होणार आहे. ओटी (शस्त्रक्रियागृह) स्टोअरमध्ये लॉकिंग पॉलिमर क्लिपचे, म्हणजे रक्तवाहिनी आवळून बंद करणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्यांचे, जांभळे (एल) आणि सोनेरी (एक्सएल) बॉक्स आधीपासूनच पडून आहेत, कारण कॅन्सरच्या किडनीला आणि इतर लॅप केसेसना ते नेहमी लागतात. डोनरसाठी लागणाऱ्या मालाची यादी करताना कळले की हेम-ओ-लॉक (अशा क्लिपचा एक ब्रँड) क्लिपबाबत अमेरिकेत रिकॉल झाला होता आणि दात्याच्या किडनीच्या धमनीवर ही क्लिप लावायला मनाई आहे. पुरवठादाराला विचारले तर उत्तर आले, "रिकॉल वगैरे काही नाही, माल बाजारात विकला जातोय, परत कशाला घेऊ?"

आता गोंधळ असा. रिकॉल झाला असेल तर तीच क्लिप आजही विकली कशी जाते? तीच क्लिप, तीच धमनी, मग कॅन्सरच्या किडनीला चालते आणि डोनरला का नाही? आमच्याकडचा निम्मा माल दुसऱ्या कंपनीचा, देशी बनावटीचा आहे, त्याला ही मनाई लागू होते का? आणि स्टोअर म्हणून काय करायचे? बॉक्स वेगळे काढून ठेवले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केसला तेच हवे असतात.

मूत्रशल्यक

आधी तारखा सांगतो, म्हणजे पुरवठादाराशी बोलणे सोपे होईल. नोव्हेंबर २००१ ते मार्च २००५ या काळात या क्लिपबद्दल १५ नोंदी झाल्या. त्यांत १२ इजा आणि ३ मृत्यू होते. त्यानंतर एप्रिल २००६ मध्ये उत्पादकाने वापरसूचना बदलली आणि लॅप डोनर नेफ्रेक्टॉमीत किडनीची धमनी बंद करण्यासाठी ही क्लिप वापरू नये असे लिहिले. मनाई आल्यावरही मृत्यू होत राहिले, म्हणून मे २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तीच सूचना शल्यचिकित्सकांसाठी पुन्हा जाहीर केली. (महाराष्ट्रात एफडीए म्हटले की आपल्या राज्याचे अन्न व औषध प्रशासन डोळ्यांसमोर येते. इथे मी अमेरिकेच्या संस्थेबद्दल बोलतोय.)

या सूचनेमुळे क्लिप बाजारातून उचलली गेली नाही. बदलले ते फक्त बॉक्समधल्या वापरसूचना पत्रकातले वाक्य. त्यामुळे माल परत घेणार नाही हे पुरवठादाराचे म्हणणे बरोबर आहे. रिकॉल नाही हे मात्र चूक.

आता तीच क्लिप एका ठिकाणी का चालते आणि दुसरीकडे का नाही, ते पाहू. लॉकिंग क्लिप धमनीला बाहेरून आवळते. तिचे दात भिंतीत थोडे रुततात, पण ती भिंत भेदून पलीकडे जात नाही. तिला जागेवर धरून ठेवतो तो कापलेल्या टोकाचा उरलेला भाग. क्लिपच्या पुढे किमान २ ते ३ मिमी धमनी शिल्लक असेल तर ती दाबापुढे थोडी फुलते आणि तिथेच क्लिपला अडसर मिळतो. कॅन्सरच्या किडनीत धमनी कुठे कापायची हे आपल्या हातात असते. दोन किंवा तीन क्लिप लावा, पुढे ऐसपैस जागा ठेवा, मग कापा. काढलेल्या किडनीकडची धमनी आखूड झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

डोनरमध्ये गणित उलटे होते. काढलेली किडनी दुसऱ्या माणसाला जोडायची असते आणि तिच्या धमनीचा एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. म्हणून क्लिप महाधमनीला खेटून बसतात आणि कात्री क्लिपच्या अगदी कडेने चालते. पुढचा तो २-३ मिमीचा भाग उरतच नाही. धमनी लवचीक असते, कापली की तिचे टोक आकसून क्लिपच्या खाली मागे सरकते. शस्त्रक्रिया चालू असताना रक्तदाब कमी असतो, सगळे कोरडे दिसते. दाता शुद्धीवर आला, खोकला, वेदनेने दाब वाढला की प्रत्येक ठोक्याबरोबर क्लिपवर धक्का बसतो. एवढे झाले की क्लिप निसटायला वेळ लागत नाही.

ती निसटली तर काय होते, हेही स्पष्ट लिहितो. दोन्ही किडन्यांना मिळून हृदयाच्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा जातो. एक खुंट उघडा पडला तर महाधमनीला थेट भोक पडल्यासारखे होते. हाताशी असतात मिनिटे. आणि हा माणूस आजारी नव्हता. स्वतःच्या शरीराला काडीचीही गरज नसताना, दुसऱ्यासाठी तो टेबलावर आला होता. म्हणून इथे धोक्याची मर्यादा इतर शस्त्रक्रियांपेक्षा कडक ठेवावी लागते.

देशी मालाचे: कायद्याच्या दृष्टीने मनाई त्या त्या उत्पादनाच्या पत्रकात लिहिलेली असते, त्यामुळे प्रत्येक कंपनीचे पत्रक वाचा. एखाद्या पत्रकात डोनरचा उल्लेखच नसेल तर त्याला परवानगी समजू नका. निसटण्याचे कारण कापण्याच्या जागेत आणि क्लिपच्या धरण्याच्या पद्धतीत आहे, डब्यावरच्या नावात नाही. लॉकिंग पॉलिमर क्लिप कोणाचीही असो, डोनरच्या धमनीसाठी ती यादीत नकोच.

जैववैद्यकीय_गुणवत्ता

डॉक्टरांनी मुद्दा पकडलाय, त्याला स्टोअरच्या बाजूने पुढे नेतो.

रिकॉल या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे ट्रक भरून परत जाणारा माल येतो. नियामकाच्या भाषेत मात्र त्यात दोन गोष्टी येतात: माल काढून घेणे आणि आहे त्या जागी दुरुस्ती करणे. दुरुस्ती म्हणजे कधी यंत्राचा भाग बदलणे, कधी सॉफ्टवेअर, कधी फक्त पत्रकातले वाक्य. रक्तस्राव थांबवणाऱ्या साधनांमध्ये तिन्ही तऱ्हा सापडतात आणि तिन्हींना स्टोअरचे उत्तर वेगळे असते.

पहिली तऱ्हा, साधनच चुकीचे. वूंडस्टॅट नावाची दाणेदार खनिज पूड अमेरिकी सैन्यात जखमेत भरायला दिली गेली होती. तिचे कण रक्तवाहिनीत शिरतात, आतल्या अस्तराला इजा करतात आणि गुठळ्या होतात असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आणि २००८ च्या अखेरीस सैन्याने वापर थांबवला. इथे स्टोअरचे काम सरळ आहे: सगळे पाकीट गोळा करा, परत द्या.

दुसरी तऱ्हा, काही लॉट चुकीचे. २०१९ मध्ये एथिकॉन कंपनीच्या गोलाकार इंट्राल्युमिनल स्टेपलरचा (आतड्याची टोके जोडणाऱ्या साधनाचा) वर्ग १ चा, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातला, रिकॉल झाला. ९२ हजारांहून अधिक नग, मार्च २०१८ ते मार्च २०१९ या काळात वितरित झालेले. स्टेपल नीट वळत नव्हते आणि आतली चकती पूर्ण कापली जात नव्हती. इथे लॉट नंबर जुळवणे हेच सगळे काम. ज्या रुग्णालयात जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) लॉट नंबर लिहिला जात नाही, तिथे ही तऱ्हा पेलत नाही.

तिसरी तऱ्हा, साधन ठीक, लॉट ठीक, वापर चुकीचा. तुमची क्लिप या तिसऱ्या तऱ्हेतली. याच तऱ्हेची आणखी एक जुनी सूचना आहे आणि ती न्यूरो आणि स्पाइनच्या ओटीत आजही लावून ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने विरघळणाऱ्या हिमोस्टॅटबद्दल (रक्त थांबवणाऱ्या पदार्थांबद्दल), म्हणजे ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज, जिलेटिन स्पंज वगैरेंबद्दल इशारा दिला. १९९६ पासून ११० हून अधिक नोंदी झाल्या होत्या, त्यांतल्या ११ जणांना पक्षाघात किंवा मज्जातंतूंची इजा झाली. कारण एकच: हाडाच्या अरुंद पोकळीत कण्याजवळ तो पदार्थ तसाच सोडला जातो, रक्त शोषून फुगतो आणि मज्जारज्जूवर दाब येतो. रक्त थांबले की तो काढून घ्यायचा, एवढेच करायचे असते.

या तिसऱ्या तऱ्हेत स्टोअर फसते, कारण हाताला लागण्यासारखे काहीच नसते. सूचना पत्रकात असते. पत्रक बॉक्समध्ये असते. बॉक्स स्टोअरमध्ये फुटतो आणि ओटीत जाते ते सहा क्लिपचे सुटे कार्ट्रिज. ज्या सिस्टरच्या हातात क्लिप आहे तिच्यापर्यंत तो कागद कधी पोचतच नाही. २००६ च्या सूचनेनंतरही पाच वर्षांनी पुन्हा इशारा द्यावा लागला, त्यामागे मला हाच रस्ता दिसतो. त्यामुळे तुमचे काम माल परत करण्याचे नाही. पत्रकातले वाक्य टेबलापर्यंत पोचेल अशी सोय लावणे हे तुमचे काम.

सोय कशी लावायची? बॉक्स वेगळे काढून ठेवू नका, ते चार दिवस टिकते. डोनर नेफ्रेक्टॉमीसाठी स्वतंत्र मालयादी करा, तिला स्वतःचा कोड द्या, आणि त्या यादीत धमनीसाठी लॉकिंग क्लिप हा आयटम नसेलच असे ठेवा. संगणकावर इंडेंट (मालाची मागणी) होत असेल तर त्या शस्त्रक्रियेच्या कोडवर क्लिपचा आयटम सहीशिवाय मिळणार नाही असा अडवा. कागदावर होत असेल तर छापील यादीवर क्लिपच्या ओळीत "धमनीसाठी नाही" असे छापून घ्या, हाताने लिहू नका, पुढच्या झेरॉक्सला ते गळते. डोनरची ट्रॉली वेगळी लावा आणि आदल्या संध्याकाळी यादीप्रमाणे भरा. क्लिप लागणार असतील त्या फक्त शिरांसाठी आणि बारीक फांद्यांसाठी. त्याही किती आणि कोणत्या मापाच्या हे शल्यचिकित्सकाच्या सहीने ठरू द्या.

आणि एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. क्लिप काढून टाकली तर तिच्या जागी काय, हे यादीत नसेल तर रात्री अकराला कोणीतरी शेजारच्या ओटीतून जांभळे कार्ट्रिज मागवणारच. पर्यायाशिवाय मनाई टिकत नाही.

ओटी_भांडार

तऱ्हांची विभागणी खूप उपयोगी पडली. यादी तशीच करतो. पण आमच्या एका सरांनी २००८ चा एक लेख पुढे केला: अनेक केंद्रांच्या मिळून १,६९५ लॅप नेफ्रेक्टॉमी, सगळीकडे हीच क्लिप, एकही निसटली नाही. त्यांत ४८६ तर डोनर होते. ते म्हणतात, तंत्र बरोबर असेल तर क्लिप सुरक्षित आहे, आणि स्टेपलर काय कमी फसतात का? यावर काय सांगू? आणि स्टेपलरच्या एका रिलोडची (स्टेपल भरलेल्या बदली भागाची) किंमत पाहता व्यवस्थापनालाही उत्तर द्यावे लागेल.

मूत्रशल्यक

तुमच्या सरांनी दिलेले आकडे बरोबर आहेत. लेख प्रामाणिक आहे आणि त्यातले तंत्राचे नियम आजही शिकवण्यासारखे आहेत: धमनी चारही बाजूंनी मोकळी करा, क्लिपचे वाकडे टोक धमनीच्या पलीकडे डोळ्यांनी दिसू द्या, लॉक बसल्याची टिचकी हाताला जाणवू द्या, एका क्लिपवर दुसरी चढवू नका, रुग्णाच्या बाजूला किमान दोन लावा, आधी धमनी अर्धवट कापा, रक्त येत नाही हे पाहा, मग पूर्ण कापा.

पण ४८६ पैकी शून्य याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: एकही घटना घडली नाही तर ३ ला केसेसच्या संख्येने भागा, खऱ्या धोक्याची वरची मर्यादा साधारण तेवढी धरा. ३ भागिले ४८६ म्हणजे ०.६ टक्के. दर १६० दात्यांत एकाची क्लिप निसटत असती तरीही ४८६ केसेस निर्धोक पार पडू शकल्या असत्या. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत अशा आकड्यावर चर्चा होऊ शकते. निरोगी दात्याच्या बाबतीत १६० त एक हा आकडा कोणीही मान्य करणार नाही. त्या लेखाने डोनरमधला धोका नाकारला असे म्हणता येत नाही, तो दिसण्याइतकी संख्या तिथे नव्हती एवढेच.

स्टेपलर फसतात का? फसतात, हे लपवू नये. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्टेपलर आणि स्टेपलबद्दल इशारा दिला तेव्हा जानेवारी २०११ ते मार्च २०१८ मधल्या ४१ हजारांहून जास्त नोंदी त्यामागे होत्या, त्यांत ३६६ मृत्यू. पण फसण्याची तऱ्हा वेगळी असते. स्टेपलर बिघडला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतो: रेघ अर्धवट बसते, जबडा उघडत नाही, रक्त येते. त्या क्षणी पोट फुगवलेले आहे, दुर्बीण आत आहे, सगळी टीम हजर आहे. क्लिप निसटते तेव्हा दाता वॉर्डात असू शकतो. आणि स्टेपल असो की टाका, दोन्ही धमनीची भिंत भेदून पलीकडे जातात. भेदणारी गोष्ट सरकत नाही, हा मूळ फरक आहे.

म्हणून पर्याय दोनच: भेदणारे स्टेपल किंवा आरपार घातलेला टाका.

स्टेपलरमध्ये लांबीचा प्रश्न येतो. कापणारा स्टेपलर दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी मारतो आणि मधून कापतो. किडनीकडच्या तीन ओळी नंतर कापून टाकाव्या लागतात, तेवढी धमनी वाया जाते. न कापणारा टीए प्रकारचा स्टेपलर फक्त रुग्णाच्या बाजूला तीन ओळी मारतो, पुढे कात्रीने कापता येते आणि काही मिलिमीटर वाचतात. लांबीसाठी क्लिपचा मोह होतो त्याला हे खरे उत्तर आहे. रिलोड रक्तवाहिन्यांचाच हवा: पांढरा, २.५ मिमी, किंवा करडा, २.० मिमी. आतड्याचा निळा रिलोड चुकून लागला तर स्टेपल सैल बंद होतात आणि धमनी झिरपते. यादीत रंग आणि मिमी दोन्ही लिहा. एका केसला किमान दोन रिलोड आणि एक जादा बंदूक.

स्टेपलर जिथे लावायचा त्या जागेजवळ कुठलीही क्लिप नको, धातूची तर अजिबात नको. जबड्यात क्लिप सापडली की रेघ त्या जागी बसतच नाही आणि कधी स्टेपलर अडकून बसतो. गोनाडल (जननग्रंथीच्या) आणि अॅड्रिनल (किडनीवरच्या ग्रंथीच्या) शिरांच्या फांद्या बांधताना हे आधीच डोक्यात हवे.

खर्चाचे उत्तर: आरपार टाका घालणे हा स्वस्त पर्याय आहे, पण हाताला सराव हवा. हँड-असिस्टेड (एक हात पोटात घालून करायच्या) पद्धतीत तो सोपा जातो. व्यवस्थापनाने किंमत विचारली तर उत्पादकाने स्वतः लेखी मनाई केलेले साधन वापरून दाता गेला तर काय बचाव करणार, एवढे विचारा.

ट्रॉलीवर आणखी हवे ते: पोट उघडण्याचा सेट उघडून नव्हे पण खोलीत, सॅटिन्स्की क्लॅम्प, बुलडॉग क्लॅम्प (दोन्ही रक्तवाहिनी तात्पुरती दाबून धरणारे चिमटे), ४-० आणि ५-० पॉलिप्रॉपिलीनचा धागा, आणि दात्यासाठी क्रॉसमॅच केलेले रक्त. अनेकदा सगळे लक्ष ज्याला किडनी मिळणार त्याच्या रक्ताकडे असते.

स्क्रब_सिस्टर_इनचार्ज

डोनरच्या धमनीला क्लिप नाही हे ठरले तरी इतर केसेसना त्या लागतातच, आणि तिथे होणाऱ्या चुका बहुतेक मापाच्या आणि अॅप्लायरच्या (क्लिप लावण्याच्या हत्याराच्या) असतात. म्हणून थोडे हातातल्या कामाचे.

हिरवी एमएल ३ ते १० मिमीच्या नळीसाठी, जांभळी एल ५ ते १३, सोनेरी एक्सएल ७ ते १६. हे हेम-ओ-लॉकचे. देशी कंपन्यांचे रंग जुळतीलच असे नाही, म्हणून रंग पाहून देऊ नका, मापाचे अक्षर तोंडाने म्हणा: "एल देतेय." प्रत्येक मापाला स्वतःचा अॅप्लायर असतो. एलच्या अॅप्लायरमध्ये एमएल बसल्यासारखी वाटते, पण वाटेत गळते किंवा तिरकी लागते. एका कंपनीची क्लिप दुसऱ्या कंपनीच्या अॅप्लायरमध्ये घालायची असेल तर दोन्ही पत्रकांत तसे लिहिलेले पाहिजे.

अॅप्लायर परत वापरण्याचा असतो आणि झिजतो. दर केसआधी जबडे बंद करून उजेडात धरा. टोके एकावर एक बरोबर आली पाहिजेत. कैचीसारखी तिरकी येत असतील तर बाजूला काढा. जबड्याच्या खाचेत वाळलेले रक्त असेल तर क्लिप पूर्ण बसत नाही. मऊ ब्रशने आणि एन्झाइमच्या पाण्याने धुताना खाच वेगळी घासा. भरताना अॅप्लायर कार्ट्रिजवर सरळ उभा दाबायचा, तिरका दाबला की क्लिपचा बिजागरीकडचा भाग ताणला जातो. ट्रोकारमधून (पोटात घातलेल्या नळीतून) जाताना जबडा अर्धा मिटवायचा, पण हँडल दाबायचे नाही, नाहीतर लॉक आधीच लागते.

टाइम-आउटमध्ये (शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी थांबून करायच्या पडताळणीत) डोनरसाठी एक वाक्य वाढवा: "धमनी कशाने बंद करणार?" शल्यचिकित्सक उत्तर मोठ्याने देतील आणि ते फळ्यावर लिहायचे. सिस्टरने डॉक्टरांना टोकायचे कसे हा प्रश्न त्यामुळे राहत नाही, विचारणे हे कामाचाच भाग होते.

कार्ट्रिजच्या झाकणावरचे लॉटचे स्टिकर ओटी रजिस्टरला आणि केसपेपरला, दोन्हीकडे लावा. स्टेपलरच्या रिलोडचेही. स्टिकर नसेल तर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख हाताने लिहा. वर दुसऱ्या तऱ्हेच्या रिकॉलबद्दल लिहिलेय, तो आला तर दोन वर्षांपूर्वीचा पेशंट याच स्टिकरवरून सापडेल.

वॉर्डसाठीही एक ओळ. दात्याची नाडी वाढतेय, दाब उतरतोय, पोटात किंवा कमरेत नवी वेदना आहे आणि ड्रेन (आतले रक्त बाहेर काढणारी नळी) कोरडा आहे, तर ड्रेनवर विश्वास ठेवू नका. रक्त पाठीमागच्या जागेत साठते. दाता अस्थिर असेल तर सीटीची वाट न पाहता ओटी.

जैववैद्यकीय_गुणवत्ता

सिस्टरांचा टाइम-आउटचा मुद्दा आमच्या तपासयादीतही घालतो. कायद्याची बाजू राहिली होती ती लिहितो.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यातला नियम ८९ रिकॉलचा. उपकरण वापरणाऱ्याला किंवा रुग्णाला धोका आहे असे उत्पादकाला किंवा अधिकृत एजंटला वाटले तर त्याने ते ताबडतोब मागे घेण्याची कारवाई सुरू करून कारणासह सक्षम अधिकाऱ्याला कळवायचे असते. अनपेक्षित गंभीर घटना कानावर आल्यापासून १५ दिवसांत परवाना प्राधिकरणाला कळवण्याचे बंधनही परवानाधारकावर आहे. म्हणून पुरवठादाराशी फोनवर वाद घालू नका. आयातदाराला किंवा उत्पादकाला ईमेल करा आणि सध्याचे वापरसूचना पत्रक, त्याची आवृत्ती व तारीख लेखी मागा. पत्रक आले की मनाईचा परिच्छेद अधोरेखित करून औषध व साहित्य समितीच्या इतिवृत्ताला जोडा. सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या) संकेतस्थळावर उपकरणांचे इशारे येतात, ते महिन्यातून एकदा पाहण्याचे काम एका नावावर टाका. "स्टोअर पाहील" असे लिहिले तर कोणीच पाहत नाही.

घटना घडलीच, म्हणजे क्लिप निसटली, लॉक लागले नाही, स्टेपल नीट वळले नाहीत, रुग्णाला इजा झालेली नसली तरी मटेरिओव्हिजिलन्सला (वैद्यकीय उपकरणांमुळे घडणाऱ्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाला) कळवा. हा कार्यक्रम जुलै २०१५ पासून चालू आहे, केंद्र गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन. निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४. डॉक्टरच हवेत असे नाही, परिचारिका, फार्मासिस्ट, तंत्रज्ञ, अभियंता कोणीही कळवू शकतो. फॉर्ममध्ये उपकरणाचे नाव, मॉडेल, लॉट, उत्पादक, काय घडले आणि रुग्णाचे काय झाले एवढे नेमके भरा. दोष कोणाचा याचा निकाल त्यात लिहू नका.

पुरावा जपणे इथे हमखास चुकते. निसटलेली क्लिप किंवा अडकलेला रिलोड कचऱ्यात जातो, किंवा कंपनीचा माणूस "तपासायला" म्हणून घेऊन जातो आणि विषय संपतो. आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. रिकामे कार्ट्रिज आणि झाकणही ठेवा. ऑटोक्लेव्ह करू नका, उष्णतेने पॉलिमरचा आकार बदलला तर तपासणीला अर्थ उरत नाही. संसर्गाची खूण असलेल्या बंद पिशवीत ठेवा आणि वर तारीख, केस नंबर, लॉट लिहा. कंपनीला द्यायचेच असेल तर सही-शिक्क्याची पोच घेऊन द्या. त्याच लॉटचे एक न उघडलेले कार्ट्रिज स्वतःकडे राखून ठेवा, तुलनेला लागते.

ओटी_भांडार

सगळ्यांचे आभार. यादीला वेगळा कोड दिला, टीएचा पांढरा रिलोड मागवला, पत्रकासाठी ईमेल गेली. शेवटची शंका: ज्या दात्यांना पूर्वी कुठेतरी या क्लिप लागल्या आहेत ते इथे तपासणीला येऊ शकतात. त्यांना काय सांगायचे? क्लिप काढावी लागते का?

मूत्रशल्यक

नाही. २००६ आणि २०११ च्या सूचना पुढच्या शस्त्रक्रियांसाठी आहेत, बसलेली क्लिप काढा असे त्यांत कुठे नाही, आणि भरून आलेल्या खुंटापाशी पुन्हा हात घालणे हाच मोठा धोका ठरेल. धोक्याचा काळ शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांचा. क्लिप विरघळत नाही, ती आयुष्यभर आत राहते. ती धातूची नाही, त्यामुळे एमआरआयला तिची अडचण नाही आणि एक्स-रेवर ती दिसतही नाही. म्हणूनच डिस्चार्ज कार्डावर "किडनीची धमनी पॉलिमर क्लिपने बंद" किंवा "स्टेपलने बंद" असे स्पष्ट लिहिलेले असावे. जुन्या दात्याकडे तशी नोंद नसेल तर शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागवून ठेवा. दात्याचे नेहमीचे पाहणे, म्हणजे रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन, क्लिप असो वा नसो, दरवर्षी चालूच राहते.